कसबा पेठेचा निवडणूक इतिहास: नाव तेच, नकाशा वेगळा

कसबा पेठेच्या आमदारांची यादी पाठ असणारे लोक पुण्यात कमी नाहीत. १९७८ आणि १९८० ला अरविंद लेले, आधी जनता पक्षाचे आणि मग भाजपचे. १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० ला भाजपचे अण्णा जोशी. ते १९९१ मध्ये लोकसभेवर गेले आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात आले. १९९५ ते २०१४ सलग पाच वेळा गिरीश बापट. २०१९ ला मुक्ता टिळक, २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, २०२४ ला भाजपचे हेमंत रासने.

यादी संपली की एक वाक्य ठरलेलं असतं: कसबा म्हणजे भाजपचा बालेकिल्ला. ते खोटं नाही. सर्वसाधारण निवडणुकीत काँग्रेसने हा मतदारसंघ शेवटचा जिंकला तो १९८५ मध्ये. पण याच यादीच्या पोटात काय काय दडलंय ते बघा. २००९ मध्ये बापट ५४,९८२ मतं घेऊन आमदार झाले. २०२४ मध्ये धंगेकर ७०,६२३ मतं घेऊन पडले. बालेकिल्ला या एका शब्दातून या दोन आकड्यांचा अर्थ लागत नाही. तो लावायचा तर हद्द, मतदार यादी, लढतीचा प्रकार आणि प्रत्यक्ष मतं या चार गोष्टी एकेक करून तपासाव्या लागतात.

सगळ्यात जास्त चुका हद्दीबाबत होतात, म्हणून सुरुवात तिथून.

हद्द कधी बदलली

मतदारसंघाच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो आणि त्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान देण्याला फारसा वाव नसतो. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ आणि १९७२ ला २७०, आणि १९७८ पासून २८८. म्हणजे १९६२, १९६७ आणि १९७८ या तिन्ही वेळी नकाशाला हात लागला. १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली आणि त्याच वर्षीच्या आदेशाचा नकाशा पुढची ३० वर्षं चालला. १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४ या सात निवडणुका एकाच नकाशावर झाल्या. २००८ मध्ये, २००१ ची जनगणना धरून, नवा नकाशा आला आणि २००९, २०१४, २०१९, २०२४ या चार निवडणुका त्यावर झाल्या.

तीस वर्षं नकाशा न बदलण्याचा परिणाम पुण्याइतका ठळक क्वचितच कुठे दिसला असेल. पेठांतली वस्ती फारशी वाढली नाही, आणि शहर मात्र चहूबाजूंनी पसरत गेलं. हवेली मतदारसंघ मतदारांच्या संख्येने फुगत गेला. त्यामुळे पेठेतल्या एका मताचं वजन उपनगरातल्या एका मतापेक्षा कितीतरी जास्त झालं होतं. २००८ च्या नकाशात हवेली, मुळशी, बोपोडी, भवानी पेठ ही नावं गेली आणि कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला, हडपसर, तसंच पिंपरी, चिंचवड, भोसरी ही आली. पुणे जिल्ह्यात आज २१ मतदारसंघ आहेत, क्रमांक १९५ च्या जुन्नरपासून क्रमांक २१५ च्या कसबा पेठेपर्यंत.

भवानी पेठ मतदारसंघ संपला आणि त्याचे तुकडे शेजाऱ्यांत वाटले गेले. कसब्याला पूर्वेकडचा भाग मिळाला. शनिवार, नारायण, सदाशिव या पश्चिमेकडच्या पेठांच्या बळावर जो पक्ष निवांत असायचा, त्याला २००९ पासून पूर्वेकडच्या पेठांतही मतं मागत फिरावं लागलं. पूर्व आणि पश्चिम पेठांचा मतांचा कल वेगळा असतो, हे कसब्यात काम केलेला कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता सांगेल. म्हणून २००४ च्या मतांतून २००९ ची मतं वजा करून ‘बापटांची इतकी मतं घटली’ असं काढणं निव्वळ चुकीचं आहे. नाव तेच असलं, तरी तो मतदारसंघ वेगळा आहे.

पर्वतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २००४ पर्यंत पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता; तेव्हा तिथून काँग्रेसचे रमेश बागवे निवडून आले. २००८ च्या आदेशाने पर्वती खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. २००९ ला बागवे कॅन्टोन्मेंटमधून आमदार झाले आणि पर्वतीतून भाजपच्या माधुरी मिसाळ. केवळ पर्वतीचा तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की बागवेंचा जनाधार संपला. प्रत्यक्षात त्यांना तिथे उभंच राहता येणार नव्हतं अशातला भाग नाही, खुल्या जागेवर कुणीही उभं राहू शकतं. पण राखीव जागा शेजारी सरकल्यावर उमेदवारही तिकडे सरकतो. हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

हद्दीत आणखी एक खड्डा आहे. शहरी मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आदेशात जनगणनेच्या वेळच्या पालिका वॉर्डांच्या क्रमांकांनी लिहिलेल्या आहेत. पालिकेचे प्रभाग मात्र त्यानंतर अनेकदा बदलले; २०१७ ला तर चार सदस्यांचे मोठे प्रभाग झाले. आजच्या प्रभाग क्रमांकाने आदेश वाचायला गेलात तर भलत्याच गल्लीत पोहोचाल. आणि पालिका निवडणुकीतली प्रभागांची बेरीज करून विधानसभेचं भाकीत करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की प्रभाग आणि विधानसभेची हद्द यांचा मेळ असतोच असं नाही. एक प्रभाग दोन मतदारसंघांत विभागलेला असू शकतो.

मतदार यादी आणि टक्का

२०२३ च्या पोटनिवडणुकीत कसब्यात सुमारे पावणेतीन लाख मतदार होते आणि मतदान झालं साधारण ५० टक्के. ‘निम्मे पेठकर घरात बसले’ असं म्हणण्याआधी यादी कशी असते ते पाहू.

सदाशिव पेठेतला एखादा वाडा डोळ्यासमोर आणा. तिथल्या बिऱ्हाडांतली मुलं कोथरूड, सिंहगड रस्ता, बाणेर अशी पांगली. वाडा पाडून इमारत झाली, काही जण परत आले, बरेच आले नाहीत. नावं मात्र जुन्या पत्त्यावर यादीत राहिली. काहींची दोन्हीकडे आहेत. वारलेल्यांची नावं नातेवाइकांनी फॉर्म ७ भरून काढली नाहीत, तर तीही राहतात. पत्ता बदलला तर फॉर्म ८ भरायचा असतो. तो भरायचा कंटाळा सगळ्यांनाच. त्यामुळे टक्का काढताना भागायचा आकडाच फुगलेला असतो आणि टक्का खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. यादीची साफसफाई झाली की एकही माणूस जास्त बाहेर न पडता टक्का वाढतो.

जुन्या निवडणुकांशी तुलना करताना वयाचाही विचार करावा लागतो. मार्च १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. १९८५ आणि १९९० या दोन निवडणुकांच्या दरम्यान यादी अचानक वाढलेली दिसते, त्यातला मोठा वाटा या १८ ते २० वर्षांच्या मुलामुलींचा. म्हणून दोन निवडणुकांची तुलना करायची असेल तर टक्क्याआधी मतांचा खरा आकडा घ्यावा आणि टक्का शेजारी ठेवावा.

तिरंगी, बहुरंगी, थेट

आता २००९ चा निकाल. बापट ५४,९८२. मनसेकडून लढलेले रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघंही ४६ हजारांच्या वर. बापट सुमारे ८ हजारांनी जिंकले. तिघांची मतं एकत्र धरली तर बापटांना शंभरातली ३७ च्या आसपास. आपल्याकडे सगळ्यात जास्त मतं ज्याला तो विजयी. अर्ध्याहून जास्त मतं मिळवण्याची अट नाही. त्यामुळे ३७ टक्केही पुरतात, पण समोर दोन तगडे उमेदवार असतील तरच. ‘मतविभागणी’ हा शब्द पुण्याच्या कट्ट्यांवर सर्रास वापरतात, तो हाच.

तरी इथे एक सावधगिरी. टिळक आणि धंगेकरांची मतं बेरीज करून ‘एकत्र असते तर ९३ हजार’ असं म्हणता येत नाही. मनसेला तेव्हा मत देणाऱ्यांतले कित्येक जण मनसे नसती तर काँग्रेसला नव्हे, भाजपला देणारे होते. बेरीज ही फक्त वरची मर्यादा दाखवते.

२०१४ ला सगळे पक्ष सुटे लढले. बापट ७३,५९४, रोहित टिळक ३१,३२२, धंगेकर पुन्हा मनसेकडून तिसरे, मताधिक्य ४२,२७२. इथे बेरजेचं कोडंच पडत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीजसुद्धा पहिल्याच्या खाली आहे. युती तुटलेली असताना, सगळ्यांत विखुरलेल्या लढतीत मिळालेलं हे मताधिक्य बापटांच्या पाच विजयांत वजनदार म्हणावं लागेल. २०१९ ला मुक्ता टिळक ७५,४९२ आणि काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७,२९६, फरक २८,१९६. शिवसेनेतून बंडखोरी करून अपक्ष उभा राहिलेला उमेदवार आणि मनसेचा उमेदवारही रिंगणात होते.

आणि मग २०२३. मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या, २६ फेब्रुवारीला मतदान आणि २ मार्चला मोजणी झाली. काँग्रेस, राष्ट्रवादी आणि उद्धव ठाकरेंची शिवसेना एका बाजूला, भाजप आणि एकनाथ शिंदेंची शिवसेना दुसऱ्या बाजूला. लढत थेट झाली. धंगेकरांना ७३ हजारांवर, रासनेंना ६२ हजारांवर. फरक सुमारे ११ हजार. २०१९ शी ताडून पाहिलं तर भाजपची १३ हजारांच्या आसपास मतं कमी झाली आणि काँग्रेसची २६ हजारांनी वाढली. भाजपच्या घटीतून काँग्रेसची वाढ जेमतेम अर्धी भागते. म्हणजे ‘भाजपचा मतदार काँग्रेसकडे गेला’ एवढ्यावर हिशेब जुळत नाही. २०१९ ला इतरत्र विखुरलेली मतं एका चिन्हावर आली, हा निम्मा भाग आहे.

मताधिक्य किती पातळ आहे हे मोजायची एक साधी रीत आहे. फरक ११ हजार असेल, तर साडेपाच हजार लोकांनी या बाजूचं मत त्या बाजूला टाकलं असतं तरी निकाल फिरला असता, कारण एकाचं एक कमी होतं तेव्हाच दुसऱ्याचं एक वाढतं. पण लोक बाजू न बदलता नुसते घरी बसले असते, किंवा घरी बसलेले बाहेर पडले असते, तर मात्र पूर्ण ११ हजार लागले असते. या दोन वाटांपैकी नेमकं काय घडलं, ते पुढच्या निवडणुकीने दाखवलं.

२०२४ मध्ये तेच दोन उमेदवार होते. रासने ९०,०४६, धंगेकर ७०,६२३, फरक १९,४२३. धंगेकरांची मतं पोटनिवडणुकीच्या तुलनेत अडीच हजारांच्या आसपास घटली, रासनेंची मात्र जवळपास २८ हजारांनी वाढली. मतदान साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. जो उमेदवार जिंकला होता त्याचे मतदार जवळजवळ तितकेच राहिले. निकाल फिरवला तो २०२३ ला बाहेर न पडलेल्या मतदारांनी. कसब्याच्या अलीकडच्या इतिहासात इतकी स्पष्ट गोष्ट दुसरी नाही, आणि ती टक्केवारीच्या आलेखात दिसत नाही, फक्त मतांच्या आकड्यांत दिसते. मधल्या लोकसभेलाही, २०२४ च्या मे महिन्यात, धंगेकर भाजपच्या मुरलीधर मोहोळांविरुद्ध लढले तेव्हा कसब्यातही मोहोळ पुढे होते. लोकसभेचा निकाल विधानसभा मतदारसंघानुसार वेगळा मिळतो. तो पाहिला असता तर नोव्हेंबरमधला विधानसभेचा निकाल इतका अनपेक्षित वाटला नसता.

१९९१ नंतरची पोटनिवडणूक काँग्रेसने जिंकली आणि १९९५ ला भाजप परत आला. २०२३ आणि २०२४ ला तेच घडलं. दोन उदाहरणांवरून नियम करू नये, पण पोटनिवडणुकीत मतदान कमी होतं, आणि कमी मतदानात ज्याची यंत्रणा त्या दिवशी जास्त जोरात असते त्याला फायदा होतो, एवढं समजून ठेवावं.

पोटनिवडणूक कधी लागते

आमदार खासदार झाला तर दोन्ही पदं ठेवता येत नाहीत. १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा द्यावा लागतो, नाहीतर संसदेतली जागा जाते. अण्णा जोशींमुळे १९९१ ला कसब्याची जागा अशीच रिकामी झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ क प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. दोन अपवाद आहेत: मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा आयोगाने केंद्र सरकारशी चर्चा करून निवडणूक घेणं अवघड असल्याचं प्रमाणित केलं असेल.

बापट मे २०१९ मध्ये खासदार झाले तेव्हा ऑक्टोबरमध्ये विधानसभा होणारच होती, म्हणून कसब्यात पोटनिवडणूक झाली नाही. पुढे २९ मार्च २०२३ ला बापट वारले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून जास्त उरलेली होती, तरी पुण्याची पोटनिवडणूक लागली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकर वर्षाहून जास्त काळ खासदाराविना राहिले. लाखो मतदारांचा प्रतिनिधी इतके दिवस नसणं ही लहान बाब नाही, आणि निवडणुकीच्या तक्त्यात या रिकाम्या काळाची एक ओळही नसते.

फॉर्म २० कसा वाचायचा

खोलात जायचं असेल तर फॉर्म २० लागतो. हा बूथनिहाय अंतिम निकाल, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक ओळीत मतदान केंद्राचा क्रमांक, मग उमेदवारांची मतं, वैध मतांची बेरीज, नोटा, एकूण, आणि शेवटी प्रदत्त मतं. प्रदत्त मत म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिकेवर देऊ दिलेलं मत. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. टपाली मतं सगळ्यात खाली स्वतंत्र येतात. ती विसरली की तुमची बेरीज जाहीर आकड्याशी जुळत नाही, आणि हे हमखास घडतं.

बऱ्याचदा हा फॉर्म स्कॅन केलेला असतो. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते. प्रत्येक ओळ आडवी जुळवा, मग प्रत्येक स्तंभ उभा जुळवा. दोन्ही जुळलं तरच पुढे जा. उमेदवारांची नावं जुन्या अहवालांत आडनाव आधी अशी असतात, बापट गिरीश भालचंद्र, त्यामुळे शोधताना तसंच टाका. मोजणीच्या दिवशी टीव्हीवर आलेला फरक धरू नका. साधारणपणे १४ टेबलांवर मोजणी होते. केंद्रं २७० धरली तर २० फेऱ्या, आणि फेरीगणिक आकडा हलत असतो. २०२३ चं कसब्याचं मताधिक्यही वेगवेगळं छापून आलं होतं. पक्का आकडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फॉर्म २१ ई वरचा.

डिपॉझिट तपासताना भागायचं वैध मतांना, नोटा वगळून, आणि सहाने. वैध मतं १ लाख ३७ हजार असतील तर २२,८३३ च्या वर मतं हवीत, नाहीतर १० हजारांची अनामत जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती ५ हजार आहे.

दोन निवडणुकांचे फॉर्म २० शेजारी ठेवताना केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. दर निवडणुकीत केंद्रं जोडली, तोडली, हलवली जातात. २०१९ चं ११२ आणि २०२४ चं ११२ वेगळ्या शाळेत असू शकतात. केंद्रांची यादी वेगळी उतरवून घ्या आणि इमारत व त्या केंद्राच्या मतदार यादीतल्या गल्ल्या पाहून जोड्या लावा. एका शाळेत पाच खोल्यांत पाच केंद्रं असतील तर त्यांची बेरीज एकत्र धरणं जास्त भरवशाचं. वेळखाऊ काम आहे, पण पूर्वेकडच्या पेठांत काय झालं आणि पश्चिमेकडे काय, याचं उत्तर दुसरीकडून मिळत नाही.

जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि जनगणना २०२७ ला ठरली आहे. नकाशा पुन्हा बदलला की २००९ ते २०२४ हा चार निवडणुकांचा जुळणारा संच तिथे संपेल. चारही वर्षांचे फॉर्म २० आणि केंद्रांच्या याद्या आत्ताच उतरवून ठेवाव्यात. फॉर्म २० नंतरही मिळतात, केंद्रांच्या जुन्या याद्या शोधताना मात्र दमछाक होते.